घागरीतील काळी जीभ

उपहास करणारा एक असावा आणि त्याचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घ्यावे, हा अधर्म होय. मानवतला त्या चैत्रात असा अधर्म घडण्यास साडेतीन तासांचा अवकाश उरला होता, आणि तो टाळण्याचा भार योग्य व्यक्तीवर, म्हणजे माझ्यावर, येऊन पडला होता.

मी व्यंकटशास्त्री. बारा वर्षे न्यायशास्त्राचे अध्ययन केल्यामुळे धूर पाहून अग्नी ओळखणे हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे. मानवतपासून पोखर्णीपर्यंत ज्याचा मी उलगडा केला नाही, असे रहस्य उरलेले नाही. किशनराव पाटलांच्या हरवलेल्या म्हशीचा माग मी खुरांच्या ठशांवरून थेट नदीपर्यंत काढला होता. म्हैस त्या वेळी गोठ्यात होती, ही गोष्ट निराळी. माझे साहाय्यक सटवाजी हे ईश्वरअप्पांच्या जिनिंगचे इंजिन चालवतात आणि उरलेल्या वेळात माझ्या अनुमानांना साक्षी राहतात.

प्रकरण असे. माघात ईश्वरअप्पांच्या महानंदेला पाहण्यास चुडाव्याची मंडळी आली होती. मुलगा पसंत, मुलगी पसंत. त्या समारंभाचे चलच्चित्र महानंदेचा भाऊ बसवराज याने हैदराबादेहून आणलेल्या चावीच्या कॅमेऱ्याने घेतले. फिल्म मुंबईहून धुऊन आली, आणि साखरपुड्याची तिथी ठरवण्यास मुलाच्या मातोश्री बसम्मा पुन्हा आल्या, तेव्हा भर दुपारी कापसाच्या गोदामाच्या खिडक्यांना गोणपाट लावून, जिनिंगच्या इंजिनाच्या विजेवर, ती भिंतीवर दाखवण्यात आली.

महानंदा मान खाली घालून पाटावर बसलेली दिसली. तिच्यासमोर चिंचेने घासून लखलखीत केलेली पितळी घागर होती. एकाएकी घागरीच्या पोटात एक रुंद चेहरा उमटला. नाक भोपळ्याएवढे, नाकात नथ. त्या चेहऱ्याने वीतभर काळीकुट्ट जीभ बाहेर काढली, हलवली, आणि तो दिसेनासा झाला.

"थांबवा ते यंत्र!" बसम्मा कडाडल्या. "आमी मुलगी बघायलोत, अन् आमच्या पाठीमागं कोण बया जीभ दाखवायलीय? चारच्या गाडीच्या आत तिला माझ्यापुढं उभी करा. न्हाई तर ही सोयरीक मोडली म्हणून समजा."

ईश्वरअप्पांचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला. "शास्त्रीबुवा, घरची इज्जत तुमच्या हाती."

"चिंता नसावी," मी म्हणालो. "मनुष्याची जीभ स्वभावतः काळी नसते. ही काळी आहे. म्हणून ती जांभळे खाल्लेल्या व्यक्तीची आहे."

सटवाजी खाकरले. "माघात जांभळं कुठून आली, शास्त्रीबुवा?"

"हाच प्रश्न गुन्हेगाराला अडकवील."

तथापि दीड तास शोधूनही माघात जांभळे खाल्लेला कोणी सापडला नाही. तेव्हा मी घरातील सर्व स्त्रियांना ओळीने उभे करून जिव्हादर्शनाची विनंती केली. सात जिभा पाहिल्या, सातही निर्दोष. आठवी भांडी घासणाऱ्या दगडाबाईंची.

"बघा की," त्या म्हणाल्या. "माझ्या जिभेला धार हाय, रंग न्हाई."

त्या धारेचा पुरावा त्यांनी तत्काळ दिला. तो येथे उद्धृत करता येत नाही.

तीन वाजले, आणि मला प्रकाश दिसला. शाई! ईश्वरअप्पांचे मुनीम माणिकराव टाकाचे टोक जिभेला लावून लिहितात.

"पण त्या चेहऱ्याला नथ होती," बसवराज म्हणाला.

"वेषांतर."

"अन् मुनीमजींच्या मिशा?" सटवाजींनी विचारले.

"त्या लपवण्यासाठीच जीभ बाहेर काढली होती."

बाहेर बसम्मांना स्टेशनवर नेण्यास बैलगाडी जुंपली गेली. ईश्वरअप्पा उपरण्याने डोळे पुसत होते. मी माणिकरावांना खांबाशी बसवून, जुनी शाई उघड व्हावी म्हणून त्यांच्या जिभेवर लिंबू चोळू लागलो. ते काही सांगू पाहत होते. परंतु त्या अवस्थेत त्यांना व्यंजने साधत नव्हती.

इतक्यात महानंदा विड्याचे तबक आणि तीच घागर घेऊन आली. घागर तिने बसम्मांच्या शेजारी ठेवली.

"आत्या, रागावलात तरी विडा घेऊन जावा."

विड्याला नाही म्हणणे बसम्मांच्या जिवावर आले. त्यांनी विडा चघळला, आणि रंगला किती ते पाहण्यासाठी सवयीने घागरीकडे वाकून जीभ बाहेर काढली.

घागरीच्या पोटात भोपळ्याएवढे नाक उमटले. नथ उमटली. वीतभर जीभ उमटली.

"शास्त्रीबुवा," सटवाजी हळूच म्हणाले, "मुनीमजींना सोडा."

"परंतु ती तर तांबडी आहे!"

"या फिल्मवर तांबडं काळंच उमटतं," बसवराज म्हणाला.

"हे आधी का सांगितले नाहीस?"

"तुम्ही जांभळांचं विचारत होता."

बसम्मा जीभ आत घेण्यास विसरल्या होत्या. चारचौघांत झालेली ही शोभा आता सोयरीक खरोखरच मोडणार, या भयाने ईश्वरअप्पांनी उपरणे पुन्हा डोळ्यांना लावले. अखेर त्या सावरल्या.

"पोरी, तुला ठाऊक होतं?"

"व्हय, आत्या. त्या दिवशी मान वर करायची न्हाई म्हणून बजावलं होतं. सगळा वेळ घागरीतच बघत होते."

"मग बोलली का न्हाईस?"

"एवढ्या लोकांत तुमचं नाव कसं घेऊ?"

बसम्मांनी तिच्याकडे रोखून पाहिले. "म्हंजे माझ्या लेकाला बी घागरीतच पाहिलंस?"

महानंदेची मान आणखी खाली गेली. "व्हय."

"कसा दिसला?"

"नाक भोपळ्याएवढं. कान पंख्यावानी."

"अन् तरी हो म्हणलीस?"

महानंदा लाजली. बसम्मा प्रथम गालात हसल्या, मग पोट धरून हसल्या, आणि शेवटी त्यांना पाणी द्यावे लागले. चारची गाडी त्यांच्याविना गेली. बसवराज फिल्मचा तेवढा तुकडा कापण्यास कात्री घेऊन आला, तेव्हा त्यांनी ती हिसकावून घेतली. "ऱ्हाऊ दे. नातवंडांना दाखवू."

साखरपुड्याच्या दिवशी मात्र, कॅमेरा सुरू होण्यापूर्वी महानंदेने ओली विभूती घेऊन घागरीचे सारे पोट माखून टाकले. त्यात कोणाचेच प्रतिबिंब उमटले नाही. त्या दिवशी तिला मान वर करून पाहण्याची मुभा होती.

माणिकरावांच्या जिभेची आग शिवकृपेने लवकर शमो. ज्या घरात सासू स्वतःला हसते आणि सून वेळ पाहून बोलते, त्या घरी अन्न, आरोग्य आणि गोत अखंड नांदो.