न्हाणीतलं झाड

रंगण्णा स्वतःच्या न्हाणीत अंघोळ करत नसत. शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. रोज सकाळी ते पंचा नेसून अंगणात उभे राहायचे आणि सगळ्या गल्लीदेखत दोन बादल्या अंगावर ओतून घ्यायचे. न्हाणीत झाड राहायचं.

जंगलखात्यात कारकुनी करून पेन्शनीत निघालेला एकटा माणूस. आंबोलीच्या घाटातून शेवाळानं माखलेली एक फांदी त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून सोलापुरात आणली होती. झाड त्या शेवाळात. पानं तुरीच्या डाळीएवढी. आणि ते मांसाहारी.

ही बातमी पेठेत फिरत फिरत "रंगण्णांचं झाड कोंबडी खातं" इथवर आली. सासूबाईंनी त्यांच्याकडचं विरजण घेणं बंद केलं. मी विचारायला गेले, तर माझ्या हातात भिंग देऊन म्हणाले, "वैनी, या पिशव्या बघा. मोहरीहून बारीक. पाण्यातला डोळ्याला न दिसणारा किडा ओढून घेतात, बस. तुम्ही न गाळता पाणी पिता तेव्हा तुमचाही मांसाहारच की."

मला फक्त शेवाळ दिसलं. आमच्या न्हाणीतलं तसलं शेवाळ मी दर शनिवारी राख लावून घासून काढते.

दोन वर्षं झाड फुललं नाही. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कळ्या आल्या, नऊ. रंगण्णा लगेच मैंदर्गीला निघाले, थोरल्या बहिणीला आणायला. गंगाक्का बालविधवा. आई गेल्यावर त्यांनीच रंगण्णांना वाढवलं. नोकरीभर रंगण्णा त्यांना जंगलातल्या फुलांची पत्रं लिहायचे आणि त्या ती गावच्या मास्तरांकडून वाचून घ्यायच्या. पण मैंदर्गीबाहेर कधी पडल्या नव्हत्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"या वर्षी दाखवलं तर दाखवलं," रंगण्णा म्हणाले. "आठ दिवस सांभाळा, वैनी. रांजणातलं पावसाचं पाणी, सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या. विहिरीचं जड पाणी थेंबभरसुद्धा नको. जीव आहे त्या झाडात."

पावसाचं पाणी बघून मला आमची तूरडाळ आठवली. विहिरीच्या पाण्यात ती दोन-दोन तास चुलीवर ठेवली तरी टणक. सासूबाईंना दात नाहीत. झाडाला काय कळतंय, म्हणून मी रांजणातलं पाणी डाळीला घेतलं आणि झाडाला विहिरीचं घातलं. सहाव्या दिवशी कळ्या काळ्या पडल्या. मी आणखी एक तांब्या ओतला, विहिरीचाच.

आठव्या दिवशी दुपारी दोघं आले. अक्का सोवळ्याच्या, म्हणून मी ओलेत्यानं स्वयंपाक करून ठेवला होता. वरणाला रांजणाच्या तळाचं शेवटचं पाणी.

"कळ्या?" रंगण्णांनी आमच्या दारातूनच विचारलं.

"आधी जेवून घ्या. अक्कांच्या पोटात कालपासून काही नाही," मी म्हणाले.

अक्कांनी पहिला घास घेतला. "वरण लोण्यागत झालंय की, बाई. रंगा, तू तर म्हणायचास, हितलं पाणी लई जड. डाळ शिजत न्हाई."

रंगण्णांचा हात पानात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग वरणाकडं.

"वैनींच्या हाताला गुण आहे, अक्का," ते म्हणाले, आणि पानातलं शितही न टाकता जेवले. त्यांनी भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं.

मग अक्कांचा हात धरून ते त्यांना आपल्या घरी न्हाणीत घेऊन गेले. मी उंबऱ्यात उभी. रंगण्णा खाली बसले, फांदीकडं बघत राहिले. मग अक्कांचं बोट फांदीजवळ नेऊन म्हणाले, "हे बघ. फुललंय."

अक्का वाकल्या. डोळे बारीक केले. "पांढरं कायतरी दिसतंय खरं. किती आहेत रे?"

रंगण्णांनी उंबऱ्याकडं मान वळवली.

"तुमी सांगा की, बाई. तुमचे डोळे चांगले."

काळ्या पडलेल्या देठांकडं बघत मी म्हणाले, "नऊ."

अक्कांनी हात जोडले.