पुस्तकात राहिलेलं मीठ

सारजाबाईंच्या पुस्तकात मीठच नव्हतं. भोरच्या छापखान्यातून गठ्ठे पुण्याला गेले, निम्मे खपलेही, तोवर कुणाच्या ध्यानात आलं नाही. हुलग्याच्या शेंगोळ्या, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, रानातल्या भारंगीची भाजी, सगळं जुन्या पद्धतीचं आणि तपशीलवार. मीठ मात्र कुठंच नाही. साठीनंतर नूतनबाईंच्या साक्षरता वर्गात बाराखडी गिरवलेल्या बाईला एकेक अक्षर महाग. मीठ घालायचं, हे काय लिहायचं असतं?

पुस्तक छापून घेताना शेवटच्या पानावर नूतनबाईंनी 'काही अडल्यास' म्हणून सारजाबाईंचा मोबाईल नंबर टाकला होता. भोरजवळच्या उत्रोलीत, त्यांच्या एकटीच्या घरात मोबाईल वाजायचा आठवड्यातून एकदा. रविवारी, पुण्याहून लेकाचा, रोहिदासचा.

"आये, जेवलीस का?"

"व्हय."

"बरी हाईस ना?"

"व्हय."

संपलं. मग सारजाबाई पीठ मळायला घेत. चौदा माणसांचं रांधलेला हात. एका भाकरीचं पीठ घेताना अजून चुकायचा.

पहिला फोन पुण्याच्या शेफालीचा आला. "आजी, शेंगोळ्या अगदी अळणी झाल्या हो. मीठ किती घालायचं?"

सारजाबाईंनी कपाळावर हात मारला. मीठ सांगून टाकलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्यांनी आधी विचारलं, घरात माणसं किती. मग सासूला बीपी आहे का, हुलगा कुठून आणला, माहेर कुठलं. मिठावर यायला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी तीन फोन. आठवड्याभरात रीघ लागली. एकीनं कढई उतरेपर्यंत फोन ठेवलाच नाही. एका गृहस्थानं भाजीबरोबर माहेरी गेलेल्या बायकोचंही गाऱ्हाणं मांडलं. शेजारच्या फुलाबाई म्हणाल्या, "मीठ सांगतीस का सोयरीक जमवतीस?" बोलण्याच्या नादात सारजाबाईंच्या चार-चार भाकरी थापून होत. तीन फुलाबाईंच्या म्हशीला जात.

रविवारी रोहिदासला आईचा फोन लागेना. सोमवारीही लागेना. मंगळवारी तो एसटीनं येऊन दारात उभा, तोंड वाळलेलं. आई चुलीपुढं बसून फोनवर कुणाला तरी उकडलेली भारंगी पिळून घ्यायला सांगत होती.

"जीव टांगणीला लागला की आमचा," तो चिडून म्हणाला. मग जेवायला बसला. चारही भाकरी संपल्या. दोन दिवस राहिलाही.

तो गेल्यावर नूतनबाई आल्या, ओशाळलेल्या. दुसरी आवृत्ती निघत होती आणि त्यांनी पानोपानी मीठ घातलं होतं. "आता तुम्हाला कुणाचा त्रास नाही, मावशी. एकदा नजरेखालून घाला फक्त."

सारजाबाई ओळीखाली बोट ठेवून वाचत राहिल्या. मीठ जागच्या जागी होतं. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि माडग्याच्या पानावर 'पाणी तीन तांबे' एवढ्याच शब्दांवर सावकाश, सरळ रेघ ओढली.

"अहो मावशी, पाणी का खोडलंत?"

"पाणी घालायचं, हे काय लिवायचं असतंय व्हय, बाई?" सारजाबाई म्हणाल्या आणि मोबाईल चार्जिंगला लावायला उठल्या.