'टफ' या विशेषणावर रोसविटाबाईंची स्वारी

श्री ॥ जर्मनांचे मुलखी फ्लेन्सबुर्गच्या खाडीकाठी एका शब्दापायी जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा, पदरचे तिखटमीठ न लाविता, लिहिला असे.

योर्न हिनरिक्सन नामे होड्यांचा सुतार, इंग्रजांचे मुलखी तीन साले चाकरी करून, बायको बाळंत होणार सबब स्वदेशी परतला आणि लोरेन्झेनबाईंचे गोदीत रोजगार मागता जाहला. शुक्रवारी दुपारचे आत मागील चाकरीचा दाखला जर्मन भाषेत हजर करावा, ऐसी मुदत पडली. दाखला इंग्रज मुकादम पास्को याणें लिहिला, तो अवघा एक ओळ: 'योर्न टफ गडी आहे.' मग शपथबंद दुभाषी, गोल शिक्क्याच्या धनीण, श्रीमंत रोसविटाबाई टेरब्रुग्गे यांजकडे कागद आला आणि बाईंनी कंबर कसली.

प्रथम 'त्से' नामे जर्मन शब्द चालून आला. तो मांसाचे चिवटपणाचा नामजाद. बाईंचे यजमान एकेहार्ट बटाटे सोलीत होते.

"अगं, तोच घाल की! रविवारी तू रोस्ट केलं होतंस ना, तसला माणूस."

"तुम्ही गप बसा हो, आणि सालं जाड काढू नका!" ऐसे फर्मान सुटले.

मग 'हार्ट', म्हणजे कठोर, आला, तो निर्दय निघाला, सबब हाकलिला. अखेर 'बेलास्टबार', म्हणजे भार पेलणारा, रुजू जाहला आणि फत्ते समीप दिसो लागली.

तो खरे संकट पुढेच. जर्मनांचा रिवाज ऐसा जे, दाखल्यात उणे लिहू नये. 'सदैव', 'सर्वतोपरी', 'संपूर्णाहून संपूर्ण' ऐसी तारीफ ढिगाने करावी, आणि जे गाळले तेच वैगुण्य समजावे. एकच गुण लिहिला, तो गडी आळशी, भांडखोर आणि दारूबाज, ऐसे गोदीवाल्या बाई वाचणार! पदरचा शब्द घालावा तर शपथ मोडते, न घालावा तर येणाऱ्या बाळाचा घास जातो. मग बाईंनी पास्कोस फोन लाविला.

"अहो मुकादम, आणखी दोन शब्द लिहा की!"

"आणखी काय लिहू, बाई? जानेवारीच्या वादळात सगळे पळाले. हा गार पाण्यात तीन तास दोर धरून उभा. टफ लिहिलंय ना? माझ्या सख्ख्या भावाला मी तसं म्हटलेलं नाही आजवर!"

दुभाष्यास एकच हत्यार मोकळे, ते तळटीप. बाईंनी लिहिले: 'या मुकादमाचे मुलखी दाखला इतुकाच लिहितात. त्यास पुसिले, याहून थोर शब्द त्याजपाशी नाही.' आणि शिक्का हाणला.

शुक्रवारी सकाळी योर्न कागद न्यावयास आला आणि टीप वाचोन दारातच थबकला.

"तीन वर्षांत म्हातारा पास्को मला 'ठीक' सुद्धा म्हणाला नव्हता हो," म्हणाला आणि ढसाढसा रडला. बाईंनी तोंड फिरवून उगाच खिडकी पुसली.

लोरेन्झेनबाईंनी कागद दोनदा वाचिला. "चाळीस वर्षं दाखले वाचतेय. माणूस दिसला तो यातच. सोमवारी सातला या," ऐसा हुकूम जाहला.

येणेप्रमाणे 'टफ' हा शब्द जर्मनांचे मुलखी सुखरूप पोहोचला. योर्न सोमवारी कामावर रुजू, बुधवारी कन्यारत्न. फत्ते मुक्रर केली असे.