रोटाच्या दळणात दीर्घिका

श्रावणात, कानबाई बसायच्या आदल्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी प्रकाशा गावातली पिठाची गिरणी बंद करण्यात आली. वीज होती. पट्टा शाबूत होता. रांगेत अकरा बायका होत्या. गिरणी बंद करायला लावली ती निवृत्त विज्ञान शिक्षक दगाजी सरांनी. विश्वाच्या सुरुवातीच्या काळात दीर्घिकांचे समूह कसे तयार झाले, हे त्यांना सांगायचं होतं आणि गिरणीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

सर माझे शेजारी. दोन घरांत भिंत एकच. गाव त्यांना नाना म्हणतं. वय सत्तरीच्या पुढे. शहाद्याच्या एका शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर दीर्घिका धरल्या. कोट्यवधी तारे एकत्र असतात ती दीर्घिका. शेकडो दीर्घिका एकत्र असतात तो समूह. एकट्या दीर्घिकेत नानांना रस नाही.

"येकटीनं काय पाहानं? ती कोनामझार शे ते पहा," ते म्हणतात.

हाच निकष ते माणसांनाही लावतात. नव्या माणसाला ते नाव विचारत नाहीत. "तू कोनामझारला?" असं विचारतात. म्हणजे तू कुणातला. बँकेत बदलून आलेल्या साहेबांनी "मी एकटाच राहतो" असं उत्तर दिलं, तर नानांनी त्यांना सलग तीन दिवस जेवायला बोलावलं आणि चौथ्या दिवशी त्यांच्यासाठी स्थळ आणलं. साहेब विवाहित होते. कुटुंब नाशिकला होतं.

नदीच्या घाटावर एका यात्रेकरूने मंदिराचा रस्ता विचारला, तेव्हा नानांनी दीर्घिका ज्या लांबच लांब धाग्यांवरून समूहाकडे ओढल्या जातात, ते धागे समजावले. यात्रेकरूची बस गेली. तो संध्याकाळपर्यंत नानांच्या ओट्यावर होता. जाताना त्याने नानांच्या पत्नीला, इंदूकाकूंना, नमस्कार केला. "माय, तुम्ही रोज कसं ऐकता?" काकू म्हणाल्या, "मी कोठे ऐकस? मी भाकरी थापस."

आता कानबाईचं. खानदेशात या देवीच्या सणाला रोट करतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा, नाव घेऊन मोजायचा, दळायचा आणि तो स्वयंपाक भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा. त्या दिवशी गिरणीवालाही जातं धुऊनपुसून ठेवतो. भाऊबंदकी फुटली की रोट वेगळे होतात.

नानांचा रोट नऊ वर्षांपूर्वी वेगळा झाला. धाकटे भाऊ पंडितआबा सारंगखेड्याला राहतात. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं झालं आणि नंतर बोलणं झालं नाही. नाना मात्र मोजताना स्वतःच्या नावाने सव्वा मूठ घेतात आणि मग पंडित, त्यांचे दोन मुलगे, त्यांच्याच घरी राहणारा एक चुलत पुतण्या अशा आणखी चौघांच्या नावाने घेतात. घरात खाणारी माणसं दोन. दरवर्षी नाना आणि काकू पाच जणांचा रोट आठवडाभर खातात. शेवटचे दोन दिवस तो ताकात कुस्करावा लागतो. भाऊ कधीतरी ताटावर येऊन बसेल, यापलीकडे नानांचा त्यात काही हिशोब नाही. आपण फोन करणार नाही, हेही त्यांनी काकूंना सांगून ठेवलं होतं.

गिरणी बंद झाल्यावर नानांनी झाकणावर साचलेल्या पिठावर बोट ठेवलं.

"सुरुवातले सगळं असं पसरेल व्हतं. सारखं. पन अगदी सारखं नही. कोठे कनभर जास्ती. जठे जास्ती, तठे आखो ओढायनं."

"नाना, पहिले मन्हा रोट दळू द्या, मंग जग बनाडा," रांगेतून आवाज आला.

"ओढे कोन?" गिरणीवाल्याने विचारलं. पट्टा थांबलेलाच होता.

"जे दिसत नही ते. दिसस त्यानापेक्षा ते कितलं तरी जास्ती शे. तेनीच धरी ठेयेल शे. लहान ढीग पहिले बनना, मंग लहान लहान मिळीसन मोठा. बाकी सगळं येकमेकथून लांब जाई ऱ्हायनं, समूहमझारलं जात नही."

"हाई तुम्हले दिसस का पन?"

"दिसस ते जुनं. उजेडले आठे याले वखत लागस. तठे आते काय शे, ते कोनलेच मालूम नही."

रांगेत पाचव्या असलेल्या सखूबाईंचं माहेर सारंगखेड्याचं. त्या म्हणाल्या, "मंग तुम्हनं बी तसंच शे, नाना. पंडितआबानं घर तुम्ही अजून चारच मोजतस. त्यासले नातू व्हयेल शे. दोन वरीसना. अंगनभर पळस."

नानांनी बोट उचललं. त्यांनी विचारलं, "नाव काय त्यानं?"

सखूबाईंना माहीत नव्हतं. रांगेत कुणालाच माहीत नव्हतं. नावाशिवाय मूठ मोजता येत नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी नानांनी गिरणीवाल्याचा फोन मागितला. नंबर पाहायला चिठ्ठी काढली नाही. गिरणी बंदच होती, त्यामुळे दोन्ही बाजूंचं ऐकू आलं.

"पंडित. मी बोली ऱ्हायनू."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला. "बोल, नाना."

"पोऱ्यानं नाव काय?"

"कोना पोऱ्या?"

"तुन्हा नातू."

"देवा नाव शे."

"बरं," नाना म्हणाले आणि फोन परत दिला. संभाषण मिनिटभरही चाललं नाही.

ते घरी गेले, नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजले, पितळी तांब्यात आणले आणि रांगेत ठेवलेल्या आपल्या डब्यात ओतले. त्यांच्या परवानगीने गिरणी पुन्हा सुरू झाली. रांगेतल्या बायकांनी नानांचं दळण आधी घ्यायला सांगितलं. दीर्घिकांचा विषय कुणी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

सव्वासात वाजता गिरणीवाल्याच्या फोनवर सारंगखेड्याहून फोन आला. नाना तोवर निघून गेले होते. पंडितआबांचा निरोप एवढाच होता: "नानाले सांगजो, यंदा आम्ही रोटनं येगळं दळन टाकेल नही."

गिरणीवाला निरोप घेऊन स्वतः आला. ओट्यावर मी होतो, काकू होत्या. नानांनी त्याला तो दोनदा सांगायला लावला.