वेळापत्रकाबाहेरचं आकाश

विमान वेळेवर सुटलं होतं, हवा स्वच्छ होती आणि कॅप्टन पूर्ण शुद्धीवर होते. पुढच्या सगळ्या अनर्थाला हीच तीन कारणं जबाबदार होती, असं समितीने नंतर गंभीरपणे नमूद केलं.

ऊन कलायला लागलं होतं. कॉकपिटच्या डाव्या काचेबाहेर कॅप्टनना एक रुपेरी वस्तू दिसली. गोल, गुळगुळीत; ना पंख, ना शेपटी. थोडा वेळ ती विमानाच्या बरोबरीने चालली, ओळखीच्या माणसाने चार पावलं सोबत यावं तशी. मग सरळ वर गेली आणि दिसेनाशी झाली.

"तुला दिसलं का?" कॅप्टननी शेजारच्या सहवैमानिकेला विचारलं. ती त्यांच्या मुलीच्या वयाची, हुशार पोरगी.

"दिसलं, सर. पण दिसलं म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा."

खाली रडारकक्षात ठिपकेभाऊ होते. पडद्यावरचे ठिपके बघता बघता त्यांचे केस पांढरे झाले होते, म्हणून हे नाव. कॅप्टननी विचारायच्या आतच त्यांचा आवाज आला, "कॅप्टन, तुमच्या डाव्या अंगाला कोण आहे हो? आमच्याकडे कोणाची वर्दी नाही. अरे अरे, गेलं! काय वेगाने गेलं!"

उतरल्यावर कॅप्टननी रीतसर अहवाल दिला आणि निर्धास्त मनाने घरी गेले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून तिने हातातली चादर खाली ठेवली.

"अहो, दिसलं तर दिसलं. सांगायला कशाला गेलात?"

"नियम आहे. आकाशात अनोळखी काही दिसलं तर कळवायचं."

"नियम असेल. आजवर कोणी कळवलंय का?"

कॅप्टननी आठवून पाहिलं. कोणीच कळवलं नव्हतं. त्यामुळेच तो नियम इतकी वर्षं बिनतक्रार चालला होता.

आठवडाभरात 'अनियोजित वस्तुदर्शन चौकशी समिती' नेमली गेली. अध्यक्षपदी एक निवृत्त अधिकारी होते. त्यांना सगळे शहानिशासाहेब म्हणत. एका कोसळलेल्या पुलाच्या चौकशीत दोष नदीचा होता, हे त्यांनीच निर्विवादपणे सिद्ध केलं होतं. समितीची खोली लांबट होती. भिंतीवरचं वातानुकूलन यंत्र खालच्या बादलीत थेंब थेंब गळत होतं, आणि बादली भरली की कामकाज तहकूब होई.

पहिल्यांदा कॅप्टनचे डोळे तपासले. निकाल आला तेव्हा सदस्यांचे चेहरे पडले. डोळे उत्तम निघाले.

"या वयात इतकं स्वच्छ दिसणं बरं नव्हे," शहानिशासाहेब म्हणाले. "कॅप्टनसाहेब, तुमच्यावर आमचा अविश्वास नाही. पण तुम्हाला मंजूर मर्यादेपेक्षा जास्त दिसतं, हे तर तुम्हीही मान्य कराल."

अशा रीतीने कॅप्टनना चष्मा लागला. त्यातून जरा धूसर दिसायचं. दृष्टी इतर वैमानिकांच्या पातळीवर यावी, इतकाच त्यामागे हेतू होता.

मग सहवैमानिकेची साक्ष झाली. "मी त्या वेळी उंचीच्या काट्याकडे बघत होते," ती टेबलाकडे पाहत म्हणाली. बाहेर व्हरांड्यात तिने कॅप्टनना गाठलं. "सर, पुढच्या महिन्यात माझी कॅप्टनपदाची परीक्षा आहे. बाबा अंथरुणाला खिळलेत, घरात कमावणारी मी एकटीच."

"मग बरोबर बोललीस," कॅप्टन म्हणाले आणि तिच्या पाठीवर थोपटून पुढे गेले.

राहिला रडारचा पुरावा. ठिपकेभाऊंनी त्या दिवसाचं चित्रण लावलं. कॅप्टनच्या विमानाशेजारी दुसरा ठिपका लख्ख दिसत होता. एका सदस्याने बादली भरली का, ते वाकून पाहिलं.

"म्हणजे रडार बिघडलंय," एक सदस्य म्हणाले.

"असं लिहा खुशाल," ठिपकेभाऊ म्हणाले. "याच रडारवर रोजची सगळी विमानं उतरतात. मग विमानतळ आजच बंद करावा लागेल."

"रडार उत्तम आहे!" शहानिशासाहेब घाईघाईने म्हणाले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि उघडले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. "चूक ठिपक्याची आहे. वेळापत्रकात नाव नसताना तो पडद्यावर आलाच कसा?"

हा सगळ्यांच्याच मनातला प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून रडारला एक गाळणी बसवण्यात आली. वेळापत्रकात असेल तेच पडद्यावर दिसणार, बाकीचं आपोआप गाळलं जाणार. उद्घाटनाला मोठी माणसं आली, फीत कापली गेली, आकाश कायमचं स्वच्छ झाल्याबद्दल टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर ठिपकेभाऊंनी विचारलं, "साहेब, उशिरा सुटलेलं विमानसुद्धा त्या वेळच्या वेळापत्रकात नसतं. त्याचं काय?"

"मग त्यांना वेळेवर सुटायला सांगा," शहानिशासाहेब म्हणाले.

विमानं काही सुधारली नाहीत. एके दिवशी सकाळी धुक्यामुळे बरीच रखडली. कॅप्टन मात्र दुसऱ्या शहरातून वेळेवर निघाले होते आणि उतरायच्या बेतात होते. ढगांचे पुंजके इकडे तिकडे पांगले होते.

"मार्ग मोकळा आहे, कॅप्टन," ठिपकेभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज मोकळा नव्हता. "पडद्यावर तरी मोकळा आहे. बघून या."

कॅप्टननी चष्मा काढून खिशात टाकला. उजवीकडच्या ढगातून एक पांढरं विमान बाहेर येत होतं, थेट त्यांच्या वाटेवर.

"सर, रडार म्हणतंय काही नाही," शेजारचा नवा सहवैमानिक ओरडला.

"म्हणू दे!"

त्यांनी विमान जिवाच्या आकांताने वळवलं. मागे किंकाळ्या, सामान पडल्याचे धडाके. पांढरं विमान इतकं जवळून गेलं की त्याच्या कॉकपिटमधला चेहरा त्यांनी ओळखला. त्यांचीच जुनी सहवैमानिका, आता कॅप्टन झालेली.

दोन्ही विमानं सुखरूप उतरली. इंजिनं बंद केल्यावर कॅप्टन कॉकपिटमधून बाहेर आले. ते दाराशी येऊन उभे राहिले. शर्टावर कॉफी सांडलेला एक प्रवासी तावातावाने म्हणाला, "ही काय विमान चालवायची पद्धत झाली?" एका आजींनी मात्र त्यांचे दोन्ही हात धरले. "मी खिडकीतून बघितलं रे बाळा. तू होतास म्हणून आम्ही वाचलो."

समिती तातडीने विमानतळावरच बसली. तरुण कॅप्टन धावतच आली, टोपी हातात, केस विस्कटलेले.

"मी सरांचं विमान पाहिलं. आणि तेव्हाची ती वस्तूही पाहिली होती. त्या वेळी मी खोटं बोलले."

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

"बाई, तुमचं विमान रडारवर नव्हतं," शहानिशासाहेब शांतपणे म्हणाले. "म्हणजे तुम्ही आकाशात नव्हता. जी व्यक्ती आकाशात नव्हती, तिची आकाशाबद्दलची साक्ष आम्ही कशी घेणार?"

"मग मी आत्ता इथे कशी पोचले?"

"तो प्रश्न या समितीच्या कक्षेबाहेरचा आहे."

"साहेब, गाळणी काढा," ठिपकेभाऊ कळवळून म्हणाले. "उद्या कोणी वळणारा नसला तर?"

"काढली तर का बसवली होती, हे सांगावं लागेल."

कॅप्टन उठले. "आमचं राहू द्या. दोन्ही विमानांतल्या माणसांनी खिडकीतून सगळं पाहिलंय. त्यांना विचारा. ते सांगतील तसं करा."

शहानिशासाहेबांना ही सूचना फारच आवडली. लगेच घोषणा झाली: ज्यांना हवेत काही दिसलं, त्यांनी साक्षीसाठी डावीकडच्या खोलीत बसावं, साक्ष संपेपर्यंत सामान मिळणार नाही, आणि साक्ष कधी संपेल ते सांगता येत नाही. ज्यांना काहीच दिसलं नाही, त्यांनी उजवीकडच्या खिडकीशी तसं सांगून सामान घेऊन जावं.

कॅप्टन, तरुण कॅप्टन आणि ठिपकेभाऊ डावीकडच्या खोलीत जाऊन बसले. खुर्च्या कमी पडतील म्हणून ठिपकेभाऊंनी शेजारच्या खोलीतून आणखी आणून मांडल्या. उघड्या दारातून त्या आजी येताना दिसल्या. कॅप्टन त्यांना बसवायला उभेही राहिले. तेवढ्यात आजींच्या मुलाने त्यांचं कोपर धरलं. "आई, इकडे कुठे? टॅक्सी खोळंबलीय." आजींनी एकदा वळून पाहिलं आणि त्या त्याच्याबरोबर गेल्या.

बाकीच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

उजवीकडची रांग मोठी होती, पण अतिशय शिस्तीची. ज्याचा त्याचा नंबर आला की तो "काही नाही दिसलं" म्हणे आणि बॅग ओढत निघून जाई. मध्येच एकजण खिडकीशी अडखळला, काहीतरी आठवल्यासारखा. तेव्हा मागून कोणीतरी वैतागून म्हणालं, "अहो, म्हणून टाका ना नाही दिसलं, आणि सरका पुढे! आम्हाला घरी जायचंय."

आवाज पुष्कळसा तुमच्यासारखा होता. पण काळजी नसावी. समितीने त्याची कुठेही नोंद घेतलेली नाही.