कॉलरमास्तरांची पावलं

महिन्याच्या पहिल्याच दिवशी मालकांनी शर्टांच्या कारखान्यातल्या प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळासारखा एकेक काळा पट्टा बांधला आणि जाहीर केलं, "हा पट्टा तुमची पावलं मोजणार. जो जास्त हलतो, तो जास्त राबतो. महिनाअखेरीला एकालाच पगारवाढ. वशिला नाही, रडारड नाही. आकडा बोलेल."

कॉलरमास्तर मनातल्या मनात हसले. कॉलर शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवसाला नव्वद कॉलरी, एकही टोक वाकडं नाही. तरी तीन वर्षं पगाराचं घोडं अडलेलं. या वेळी वाढ मिळाली, की बायकोनं घरी बटणं लावायचं काम सोडायचं, असं दोघांचं ठरलं होतं. सुई टोचून टोचून तिच्या बोटांची चाळण झाली होती.

संध्याकाळी भिंतीवर आकडे लागले. पहिला मेहुणा, अकरा हजार. शेवटचे मास्तर, चारशे बारा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मास्तरांनीच त्याला इथं चिकटवलेला. काम काय, तर दोऱ्याची रिळं पोचवायची. एक रीळ पोचवायला तो चार टेबलांवर गप्पा मारत जाई आणि पाचव्यावर त्याला आठवे, की रीळ पहिल्याच टेबलावर राहिलं.

"मास्तर, दिवसभर डुलक्या काढता काय?" मालकांनी विचारलं.

"मालक, मी बसून शिवतो. चालत चालत कॉलर कशी शिवू?"

"ते मला सांगू नका. आकडा बघा."

घरी जेवताना मेहुण्यानं तिसऱ्यांदा भात घेतला. "भावोजी, कष्टाबिष्टानं काही होत नाही हो. दिवस आपला असावा लागतो."

"गिळ मुकाट्यानं," मास्तर म्हणाले. मेहुणा दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवायचा. फुकट.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कात्री दाराशी ठेवली, खडू खिडकीत आणि दोरा जिन्याखाली. एका कॉलरीला तीन फेऱ्या. पावलं भरली सहा हजार, कॉलरी झाल्या चाळीस. बिनकॉलरीच्या शर्टांचा ढीग खांद्याएवढा झाला. "मास्तर, बघवत नाही हो," इस्त्रीवाली म्हणाली. "मुंडकी उडवल्यासारखी दिसतात." पण मास्तरांना ऐकायला वेळ कुठे होता? ते खडू आणायला निघाले होते.

याच धांदलीत मेहुण्याच्या पट्ट्याची शिवण उसवली. "भावोजी, दोन टाके घाला ना."

"ठेव घरी कपाटावर. आज घालतो."

तो 'आज' काही उजाडला नाही. मास्तर घरीसुद्धा येरझाऱ्या घालत होते.

मग एका दुपारी त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्यांची मशीनं विजेची, पण मास्तरांचं जुनं, पायानं चालवायचं. पाय तर दिवसभर हलतोच आहे! त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि घोट्याला बांधला. कात्री, खडू, दोरा पुन्हा हाताशी आले. संध्याकाळी कॉलरी नव्वद आणि पावलं चाळीस हजार.

"ही लबाडी नाही ना हो?" बायकोनं विचारलं.

"लबाडी कसली? पाय माझा, काम माझं."

पण कारखान्यात गुपित टिकतंय कुठे? दोनच दिवसांत मनगटांवरचे सगळे पट्टे घोट्यांवर उतरले. बाकीच्यांच्या पायांना काम नव्हतं, म्हणून ते नुसतेच हलू लागले. टेबलं थरथरली, कात्र्या खाली उड्या मारू लागल्या. खिसे तिरके बसले, बाह्या लहानमोठ्या झाल्या. इस्त्रीवाली जागच्या जागी नाचत इस्त्री करू लागली आणि तिनं मालकांचाच कोट जाळला. मास्तरांच्या कॉलरी तेवढ्या सरळ होत्या, पण त्या बसवायच्या कशावर?

महिनाअखेरीला मालक लालबुंद होऊन भिंतीसमोर उभे राहिले. "आकडे आभाळाला आणि माल निम्मा! म्हणजे जागेवर कुणी बसतच नाही. आता उलटं. गेल्या दोन आठवड्यांत जो सगळ्यात कमी हलला, वाढ त्याला!"

मास्तर पुढे सरसावले. "मालक, मी जागेवरच होतो."

"रोज चाळीस हजार पावलं, जागेवर?" मालकांचं बोट आकड्यांवरून घसरत तळाशी गेलं आणि थांबलं. "शून्य! चौदा दिवस शून्य! याला म्हणतात ठाण मांडून काम करणं. कुठे आहे हा?"

मेहुण्याला चहाच्या टपरीवरून बोलावून आणावं लागलं.

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत. पाय मात्र पाटावरही हलतच होता. समोर मेहुणा खुशीत भात कालवत होता. "बघा भावोजी, म्हटलं नव्हतं?"

बायकोनं हातातली बटणांची पुडी खाली ठेवली आणि भावाच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

"ताई! अगं!"

"दोन वर्षं दोन्ही वेळा जेवतोयस. या महिन्यापासून ती वाढ माझ्या हातावर ठेवायची. मगच ताट."

मेहुण्यानं ताटाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला.

तिनं पुडीला गाठ मारली. "ही उद्या परत देऊन टाका. झालं माझं बटणं लावून."

मास्तरांचा पाय थांबला. ते उठले. कपाटावरचा उसवलेला पट्टा त्यांनी खाली घेतला. दोन टाक्यांचं तर काम. सुईदोरा समोरच होता, आणि हातातलं काम मास्तरांनी आयुष्यात कधी अर्धवट ठेवलं नव्हतं.

त्यांनी पट्ट्यावरची धूळ फुंकली आणि, तो जरासुद्धा हलणार नाही अशा बेतानं, अलगद परत कपाटावर ठेवला.