कोकरेसरांचं टाचण

मी आयुष्यात एकदाच नक्कल केली, आणि ती मुळाबरहुकूम केली हेच माझं चुकलं.

कोकरेसर तीन दिवसांच्या रजेवर गेले होते. मोठ्या भाचीचा बारामतीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा होता. मुख्याध्यापकांनी त्यांचे दहावीचे जीवशास्त्राचे तास माझ्या गळ्यात घातले. मी गणिताचा मास्तर. जीवशास्त्राशी माझा संबंध डास मारण्यापुरता. पण तास घ्यायचा म्हणजे टाचण पाहिजे. उद्या काय शिकवणार, कसं शिकवणार, साधनं कोणती, हे वहीत लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची, असा शाळेचा नियम. मी कपाटातून कोकरेसरांची गेल्या वर्षीची वही काढली आणि ते पान शब्दन् शब्द उतरवलं. अक्षरसुद्धा चांगलं काढलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "कदम, वाचा."

मी वाचायला लागलो. विद्यार्थ्यांना रक्ताभिसरणाची माहिती सांगता येते, हे उद्दिष्ट. इथवर ठीक होतं. पुढं होतं : पांडुरंगाने डोळे मिटल्यास झोपला असे समजू नये. पहाटे चारला उसाला पाणी देऊन येतो. झोपलाच तर दहा मिनिटे झोपू द्यावे. शबानाला उत्तर येते पण ती हात वर करीत नाही, तिला थेट फळ्यापाशी बोलवावे. मी बोलताना खडू दातांत धरतो, तो धरू नये. कदमसर खिडकीतून डोकावल्यास पाठ थांबवू नये, त्यांना काही काम नसते.

हे शेवटचं वाक्य मी माझ्याच सुवाच्य अक्षरातून मोठ्यानं वाचलं. उतरवताना माणूस वाचत नसतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

"पांडुरंग गेल्या वर्षीच पास होऊन गेला," मुख्याध्यापक म्हणाले, "यंदा कुणाला झोपवायचं ठरवलंय?"

तर हे कोकरेसर. आमची शाळा बारामती-इंदापूर रस्त्यावर, सणसर मागं टाकून अंथुर्ण्याकडं निघालं की लागते. हंगामात उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक जायचे आणि त्यांच्या टेपवरची गाणी आमच्या वर्गात शिकवली जायची. कोकरेसरांच्या टाचणात त्याचीही सोय असे : ट्रॅक्टर गेल्यावर वाक्य पुन्हा म्हणावे. उंच, शिडशिडीत माणूस. खिशाला तीन पेनं. निळं विषयासाठी, हिरवं पोरांसाठी आणि लाल स्वतःच्या चुकांसाठी. आम्ही बाकीचे मास्तर शनिवारी बसून आठवड्याचं टाचण एका दमात पाडायचो. कोकरेसर मात्र रोजचं रोज, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात पोरांच्या बाकावर बसून लिहीत. दरवेळी वेगळ्या बाकावर. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ज्याच्यासाठी लिवायचं त्येच्या जागंवरनं फळा कसा दिसतो ते बघाया नगं?"

लिहिताना भाषा शुद्ध, बोलताना गावाकडची. वर्गात दोन्हींची मिसळ. मी एकदा म्हणालो, सर, तपासणीला येणारे साहेब फक्त रकाने भरलेत का बघतात, एवढी पोरं कशाला लिहिता? तेव्हा ते म्हणाले, "आमचा आबा दोनशे मेंढरं तोंडावरनं वळखायचा. कुठली लंगडती, कुठलीला पाला सोसत न्हाय, समदं तोंडपाठ. मला चाळीस पोरं वळखू यायची न्हायती व्हय? आन् आबाला तर पगारबी नव्हता."

त्यांच्या लुनाला मागं एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात काय असेल याचा नेम नसे. श्वसनाचा पाठ आला की भल्या सकाळी पळसदेवला जाऊन कोळ्यांकडून मासा आणायचे आणि कल्ले उघडून दाखवायचे. आणलेल्या माशाचं पुढं काय होतं हा शिक्षकखोलीत चर्चेचा विषय असे. पचनाच्या पाठाला तर त्यांनी कमाल केली. प्रत्येक पोरानं घरून भाकरीचा तुकडा आणायचा, तोंडात टाकायचा आणि गिळायचा नाही, तीन मिनिटं नुसता चावायचा. कोरडी ज्वारी, चावता चावता गोड लागायला लागली की लाळ काय काम करते ते कळतं. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक वर्गात आले. चाळीस पोरं आणि एक मास्तर, सगळे त्यांच्याकडं बघत गंभीरपणे चावतायत आणि एक शब्द कुणी बोलत नाही. मुख्याध्यापक आले तसे गेले. बाहेर आल्यावर मला म्हणाले की जरा आत जाऊन बघा, मला विचारायचं धाडस होत नाही. मी गेलो. कोकरेसरांनी मला पण एक तुकडा दिला.

हो, आणि पाठाची रंगीत तालीम माझ्यावर व्हायची. दहाच्या ठोक्याला मला शिक्षकखोलीत बसवून अख्खा पाठ म्हणून दाखवायचे. मला याचा अभिमान वाटायचा, जाणकार श्रोता म्हणून आपली निवड झाली असा. कारण विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. "तुमाला कळलं म्हंजी वर्गात कुणालाबी कळंल," म्हणाले.

सरांनी लग्न केलं नव्हतं. घरी बहीण होती, ताई, आणि तिच्या दोन मुली. ताईला सासरहून माहेरी धाडून बरीच वर्षं झाली होती. का धाडलं ते आम्ही कुणी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत.

आता माझ्या घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. मला तीन मुली. तिसरीच्या वेळी मंदाची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, अवस्था अवघड झाली होती. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, आता पुरे, चौथ्या वेळी मी बाईची खात्री देणार नाही. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, डॉक्टरला काय वंशाचा दिवा लावायचाय? एकदा बघा अजून. दिवाळीपासून तिनं मंदाशी थेट बोलणं सोडलं होतं. जे सांगायचं ते भिंतीला सांगायची. मंदा ते भिंतीकडून ऐकून घ्यायची. पाहुण्यांत एक पोरगी हाय, शेतीवाडी चांगली हाय, असं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं शेजारणीला सांगायलाही तिनं सुरुवात केली होती. आणि मी? मी पेपर तपासत होतो. मुलगा का मुलगी हे कशावरून ठरतं, ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आईपुढं माझी पदवी उभी राहत नसे.

यातलं अक्षर मी शाळेत काढलं नव्हतं.

दहावीला आनुवंशिकतेचा धडा होता. त्यात लिंगनिश्चितीचं दीड पान. हे दीड पान आम्ही सगळे घरी वाचून घ्या असं सांगून उलटायचो. कोकरेसरांनी त्याला तीन तास ठेवले होते. आणि एका रविवारी सकाळी त्यांची लुना आमच्या दारात. शिक्षकखोलीला कुलूप हाय, तालीम हितंच करू, म्हणाले. एवढ्या वर्षांत रविवारी ते कधी आले नव्हते. पेटीतून दोन तांबे निघाले, आणि शिंप्याकडून आणलेली बटणं. पांढरी आणि काळी.

आई ओट्यावर तूर पाखडत होती.

"काकू, जरा हात लावता का? मला वर्गात एक पोरगी कमी पडतीया."

पासष्टीच्या बाईला पोरगी म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

सरांनी सांगितलं की हा तांब्या आईचा आणि हा बापाचा. मूल व्हायचं तर दोन्हीतनं एकेक बटण यायचं. दोन पांढरी आली तर मुलगी, एक पांढरं एक काळं आलं तर मुलगा. एवढाच खेळ. मग आईचा तांब्या तिच्यापुढं केला. तिनं हात घातला, पांढरं. पुन्हा, पांढरं. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, डाव्या हातानं, तरी पांढरंच. सहाव्या वेळी तिनं अख्खा तांब्या ओट्यावर पालथा केला.

"मास्तर, ह्यात काळं हायच न्हाय."

"न्हायच. कुठल्याच बाईत नसतं, काकू."

"मग पोराचं काळं यायचं कुठनं?"

सरांनी दुसरा तांब्या सरकवला. "हितनं."

"ह्यो कुणाचा?"

कोकरेसरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पण वेळ अख्खं धोतर धुण्याएवढा घेतला. "कदमसरांचा, असं समजा."

आईनं माझ्याकडं बघितलं. सातवीला मी नापास झालो तेव्हा बघितलं होतं तसं. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला. मी घसा साफ करून सांगू लागलो की प्रत्येक वेळी शक्यता निम्मी-निम्मीच असते, मागच्या डावाचा पुढच्या डावाशी संबंध नाही, पण सरांनी लाल पेन ओठांवर आडवं धरलं आणि मी गप्प बसलो.

आईनं दुसऱ्या तांब्यातून काढून बघितलं. पांढरं. पांढरं. काळं. पांढरं. काळं बटण तिनं तळहातावर उलटंपालटं केलं. मग म्हणाली, "म्हंजी रानाला बोल लावीत बसलो, आन् बेणं आमचंच."

"बेण्यातबी खोट न्हाय, काकू. ह्यांनी काय बघून टाकलंय व्हय? हाताला येईल ते. आन् पांढरं आलं म्हणून तोंड पाडायचं काय कारण? तुमीबी दोन पांढरीच हाय."

आई बटणं वेचायला लागली. एकेक. मदत करायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला सारला. सर चहा पिऊन गेले. तांबे आणि बटणं तिथंच राहिली. टाचणीसुद्धा न विसरणारा माणूस दोन तांबे विसरून गेला, याचं मला तेव्हा नुसतं नवल वाटलं.

सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावरून सगळ्यांच्या टाचणवह्या आणायला मी गेलो. या वेळी उतरवायचं नव्हतं म्हणून असेल, कोकरेसरांची वही मी नीट वाचली. रविवारच्या तारखेचं पान होतं. निळ्या पेनानं : विषय लिंगनिश्चिती. स्थळ कदमसरांचे घर. पट एक. हिरव्या पेनानं : कदमसर पंधरा दिवस डबा न उघडता परत नेतात, काकू दुसऱ्या सोयरिकीचे गावभर बोलतात. तिसऱ्या मुलीच्या बारशाला पेढे वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही. त्यांना सगळे माहीत आहे, आईपुढे बोलवत नाही, त्याबद्दल त्यांना दोष देऊ नये. सूनबाईंना बाहेर बोलावू नये, आतून ऐकू येते.

आणि खाली लाल पेनानं चार ओळी. दुसऱ्या मुलीनंतर ताईला माहेरी धाडले, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हा धडा मला तोंडपाठ होता. तिच्या सासूसमोर बसून मी मान खाली घालून चहा प्यालो. एक शब्द बोललो नाही.

त्याखाली मूल्यमापन असा रकाना होता. तो मोकळा होता.

मागं पावलं वाजली. कोकरेसर दारात उभे होते. माझ्या हातातली वही त्यांनी बघितली.

"काकू काय म्हणत्यात?"

मी सांगितलं, काहीच बोलली नाही.

"लागतो टाईम," ते म्हणाले. वही काखेत मारली आणि वर्गाकडं चालू लागले. मी त्यांच्या पाठमोऱ्या शर्टाकडं बघत राहिलो. गावोगावी मास्तर असतात, माझ्यासारखे तर ढिगानं असतात. पण हा माणूस माझ्या शाळेत होता, त्याच्या शेजारची खुर्ची माझी होती, हे मी आजही पाहुण्यारावळ्यांत छाती फुगवून सांगतो.

संध्याकाळी घरी येऊन मंदाला सगळं सांगितलं. लाल ओळींसकट. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.  मी म्हटलं, बटणं आणि तांबे दे, गुरुवारी सरांना वर्गात लागतील.

"सरांना म्हणावं, वर्गासाठी दुसरे बघा," ती म्हणाली. "आई आज दुपारी ते घेऊन शेजारी गेल्या होत्या. शेजारणीच्या सुनेलाही दुसरी मुलगीच झालीय ना. परत आल्या आणि मला म्हणाल्या, त्या बाईच्या डोक्यात काय शिरत न्हाय, मंदे, उद्या तूच चल माझ्यासंगं, तुला नीट सांगता येतं."